घराची डागडुजी, भाग ५ : ड्रिलच्या आधी ओळंबा

सोयाबीनचे पैसे हातात आले की चाकूर तालुक्यात घराची कामं निघतात. पावसाळाभर गळलेलं, फुगलेलं, अडकलेलं सगळं तेव्हा आठवतं. हार्डवेअरच्या दुकानात गेलं की काउंटरवर पहिल्यांदा दिसते ती ड्रिलची पेटी. आत मशीन, बिट, पेचकस, हातोडी, पक्कड, सगळं एकाच किमतीत. ती पेटी घेऊ नका, असं मी म्हणत नाही. ती शेवटी घ्या, एवढंच सांगतो. आपल्या भागात अवजारांची निवड घराच्या भिंतीपासून सुरू व्हायला हवी, आणि भिंत कशी आहे हे सांगणारी अवजारं ड्रिलपेक्षा फार स्वस्त असतात.

इथे एकाच गल्लीत तीन तऱ्हेची घरं असतात. दगड-मातीच्या रुंद भिंतींचं, वर माळवद असलेलं जुनं घर. विटा नाहीतर सिमेंटचे ब्लॉक आणि वर स्लॅब असलेलं नवं घर. आणि या दोन्हींना जोडून काढलेली पत्र्याची खोली. कित्येक वाड्यांत हे तिन्ही प्रकार एकाच उंबऱ्याच्या आत सापडतात. शहरातल्या फ्लॅटसाठी केलेली अवजारांची यादी इथे म्हणूनच अर्धवट पडते.

जुन्या भिंतीपासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सगळ्यात महागात पडते. ही भिंत दोन-अडीच फूट रुंद असते आणि तिच्या रुंदीमुळे ती बळकट वाटते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात. बाहेरच्या बाजूने दगडांचा एक थर, आतल्या बाजूने दुसरा आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे, माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड घातलेले नसतील, तर हे थर एकमेकांपासून सुटे होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारीच्या भूकंपात नेमकं हेच झालं. थर फुटून बाहेर पडले आणि वरची जड माती खाली आली. साडेनऊ हजारांहून अधिक माणसं गेली. पण याच भागात खणाची घरंही होती. त्यांचं माळवद भिंतीवर नव्हतं; लाकडी खांब, तुळया आणि किलचनाच्या सांगाड्यावर होतं. भिंत पडली तरी पुष्कळ ठिकाणी तो सांगाडा उभा राहिला आणि खालची माणसं वाचली.

अशी भिंत अजून उभी असेल, तर तिला ड्रिलचा हॅमर लावायचा नाही. बिट दगडाला लागलं तर आपल्याकडचा काळा पाषाण साध्या ड्रिलला सहजासहजी दाद देत नाही. मशीन थरथरत राहतं आणि ती थरथर शेजारच्या मातीच्या सांध्यात उतरते. बिट सांध्यात गेलं तर क्षणात भोक पडतं, पण मातीत प्लग धरत नाही. दोन्हीकडून तोटाच. भूकंपानंतर अशा भिंतींच्या मजबुतीकरणाची जी पद्धत सांगितली गेली, ती या बाबतीत शिकण्यासारखी आहे. भिंतीत आरपार भोक करून, त्यात आकडे वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं असे. म्हणजे नसलेल्या आरपार दगडाचं काम ते करील. पण ते भोक घण घालून पाडायचं नव्हतं. सांध्यातली माती कोरून काढायची, लहान पहारीने दगड हळूहळू डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवत सुटा करायचा, शेजारचा दगड हलू द्यायचा नाही. हे काम अर्थात जाणत्या गवंड्याचं आणि अभियंत्याच्या देखरेखीखालचं आहे, घरच्या घरी करून पाहण्याचं नाही. मात्र जुन्या भिंतीला हात कसा लावायचा, हे त्यातून कळतं.

मग फळी, आरसा, दप्तरं टांगायची कुठे? खांबावर. सागाचा किंवा बाभळीचा खांब असेल तर हाताच्या गिरमिटाने बारीक भोक पाडा आणि लाकडाचा स्क्रू पिळा. भोक स्क्रूच्या आट्यांपेक्षा बारीक हवं, नाहीतर पकड बसत नाही. आणि अजिबात पाडलं नाही, तर जुनं लाकूड चिरतं. जुन्या घरांत खुंट्या आणि कोनाडे भिंत चढवतानाच ठेवलेले असत. त्यांचा वापर करावा, ते बुजवू नयेत.

आता ओळंबा. गवंड्याच्या पिशवीतली ही सगळ्यात साधी वस्तू प्रत्येक घरात असावी, असं माझं ठाम मत आहे. भिंतीच्या माथ्यावर एक काठी अशी बांधा की दोरी भिंतीपासून दहा सेंटीमीटर बाहेर लोंबेल. ओळंबा स्थिर होऊ द्या. वारा असेल तर तो पाण्याच्या बादलीत बुडता ठेवा. मग वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी दोरी ते भिंत हे अंतर मोजा. तिन्ही सारखी असतील तर भिंत उभी आहे. वरून खाली अंतर वाढत किंवा कमी होत गेलं तर भिंत कलली आहे. आणि मधलं अंतर वरच्या-खालच्या दोन्हींपेक्षा कमी भरलं तर भिंतीला पोट आलं आहे. दगड-मातीच्या भिंतीला आलेलं पोट म्हणजे थर सुटू लागल्याची खूण. तिथे गिलावा करून पोट झाकणं धोक्याचं; त्या भिंतीलगत झोपणं आधी बंद करावं आणि गवंड्याला बोलवावं. सगळी मापं तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजाल तेव्हा त्या वहीचं मोल कळेल.

नव्या घरांची गोष्ट वेगळी, पण मोजमाप तिथेही आधीच येतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. पाया उथळ असेल तर घरही तिच्याबरोबर वर-खाली होतं आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. चीर दिसली की लोक लगेच पुट्टी आणि पत्री घेऊन येतात. त्याआधी पेन्सिल घ्या. चिरेच्या टोकावर आडवी खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजून तीही लिहा. मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाहा. ऋतूप्रमाणे उघडमिट करणाऱ्या चिरेत कडक सिमेंट भरलं तर ती शेजारून नव्याने फुटते. ती एकाच दिशेने वाढत असेल तर पायाकडे पाहायला हवं. श्रावणात अडकणाऱ्या दारालाही हाच नियम. लाकूड ओलाव्याने फुगलेलं असताना रंधा मारला, तर उन्हाळ्यात त्याच दारातून बोटभर उजेड येतो. चौकट आधी ओळंब्यात आहे का पाहा. ती उभी असेल तर दार वाळेपर्यंत थांबा. तिरपी झाली असेल तर दोष दाराचा नाहीच.

मापाची अवजारं घेताना ती दुकानातच तपासता येतात, आणि तपासावीत. गुण्या सरळ कडेला टेकवून रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. लेव्हल एका जागी ठेवून बुडबुडा पाहा, मग टोकं अदलाबदल करून त्याच जागी ठेवा. बुडबुडा तिथेच थांबला पाहिजे. टेपच्या टोकाचा पत्रा थोडा हलतो, तो बिघाड नाही. कडेला अडकवून मोजताना आणि भिंतीला टेकवून मोजताना पत्र्याच्या जाडीचा फरक पडू नये, म्हणून तो हलता ठेवलेला असतो. काही जण तो ठोकून घट्ट करतात आणि मग प्रत्येक माप चुकतं. अंगणात किंवा दोन खोल्यांत एकच पातळी धरायची असेल, तर पारदर्शक नळीत पाणी भरून घ्या. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, मध्ये भिंत असली तरी.

बाकीच्या हत्यारांबद्दल थोडक्यात, कारण शेतकऱ्याच्या घरात ती निम्मी असतातच. ट्रॅक्टर किंवा मोटारपंपासोबतचे पाने, पक्कड, पहार, हातोडा, करवत एकदा एका जागी मांडून पाहा. बहुधा कमी असतो तो चांगला पेचकस. फुलीच्या स्क्रूला, म्हणजे दुकानात स्टार म्हणतात त्याला, टोक नेमकं बसलं नाही तर पेचकस निसटतो आणि खाचा झिजतात. घरातल्या बहुतेक स्क्रूंना दोन नंबरचं टोक लागतं. त्यामुळे शंभर नगांच्या संचापेक्षा हा एक आणि एक चपटा, असे दोन दणकट पेचकस घ्यावेत. पक्कड-पेचकसात नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली टपारिया हे नाव आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या हातात कायम दिसतं, आणि हत्यार निवडताना मेकॅनिकाच्या हाताकडे पाहणं मला जाहिरातीपेक्षा भरवशाचं वाटतं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळाचे वॉशर आणि आटे लवकर खराब होतात, तेव्हा स्क्रू पाना आणि टेफ्लॉन टेप घरी हवेच. टेप आट्यांच्या टोकाकडे पाहत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे नळ पिळताना तो उलगडत नाही.

पत्र्याच्या खोलीला आठ मिलीमीटरचा षटकोनी पाना लागतो. स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू त्याने आवळता येतात. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात ते बऱ्याचदा सैल स्क्रूंमुळे आणि उन्हाने तडकलेल्या रबरी वॉशरमुळे. पाडव्यानंतर एकदा शिडी लावून ते पाहून घ्यावेत.

आणि आता ड्रिल. विटांच्या भिंतीला साधं हॅमर ड्रिल आणि कार्बाइडच्या टोकाचं बिट पुरतं. सहाचा प्लग तर सहाचंच बिट, सैल नको. वीट पोकळ किंवा भुसभुशीत असेल तर हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवा. काँक्रीटचं काम वेगळं. हॅमर ड्रिल हलके ठोके फार वेगाने देतं, तर रोटरी हॅमर आतल्या दट्ट्याने दमदार ठोके देतं. जिथे पहिलं रडतं तिथे दुसरं सहज उतरतं. पण काँक्रीटमध्ये भोकं पाडण्याची वेळ घरात क्वचित येते. रोटरी हॅमर भाड्याने आणावं किंवा भावकीत मिळून एक घ्यावं. खांबात किंवा बीममध्ये बिट सळईला लागलं तर तिथेच थांबा आणि जागा बदला. सळई कापून पुढे जाऊ नका.

वीज जाण्याचा त्रास पाहता बॅटरीचं ड्रिल गावात खरंच उपयोगी पडतं, शिवाय शिडीवर वायर पायात येत नाही. खोक्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं आणि दुसऱ्यावर '१८ व्होल्ट' लिहिलेलं असेल तर बॅटरी एकाच प्रकारची समजा. पहिला आकडा पूर्ण भरलेल्या, बिनकामाच्या बॅटरीचा आणि दुसरा काम करताना मिळणारा. वीस म्हणून जास्त पैसे देऊ नका. वायरचं मशीन घेत असाल तर त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण शोधा, ती दुहेरी इन्सुलेशनची असते. डोळ्यांना चष्मा मशीनबरोबरच घ्या.

एक यंत्र मात्र मी यादीत घेत नाही. ग्राइंडर, ज्याला सगळे कटर म्हणतात. वरचं संरक्षक कवच काढून त्याला लाकूड कापण्याची चकती लावलेली मी जागोजागी पाहतो. चकती अडकली की मशीन उलट उसळतं, आणि ते सावरायला माणसाला वेळच मिळत नाही. वेल्डरकडे ते असू द्या. लाकूड असेल तर सुताराकडे न्या आणि काम चालू असताना तिथे उभं राहा. वाकस, पटाशी, रंधा कसा धरतात हे असंच कळतं.

पुढच्या भागात घरातली वायरिंग, अर्थिंग आणि टेस्टर खोटं का सांगतो, ते पाहू. तोवर ओळंबा आणून एका भिंतीची तीन मापं वहीत लिहून ठेवा.