कोलोरॅडो नदीवरील सामरिक नियंत्रण (फॉलआउट: न्यू व्हेगस)

'फॉलआउट: न्यू व्हेगस' या व्हिडिओ गेममधील संघर्षाचा केंद्रबिंदू म्हणजे कोलोरॅडो नदी आणि तिच्यावरील हूवर धरण. ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या संस्थेने तयार केलेला हा खेळ बेथेस्डा सॉफ्टवर्क्सने ऑक्टोबर २०१० मध्ये प्रकाशित केला. २०७७ साली झालेल्या अणुयुद्धानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, म्हणजे २२८१ साली, अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात याचे कथानक घडते. नदीच्या पश्चिमेस न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक (एन.सी.आर.) हे प्रजासत्ताक, पूर्वेस 'सीझर्स लीजन' हे गुलामगिरीवर उभे असलेले लष्करी राज्य आणि या दोघांच्या मध्ये लास व्हेगसचा स्वामी मिस्टर हाउस, अशी सत्तांची मांडणी आहे.

== नदीचे महत्त्व ==

या काल्पनिक जगात बहुतेक ठिकाणचे पाणी किरणोत्साराने दूषित झालेले आहे. मीड सरोवराचे पाणी मात्र पिण्याजोगे आहे. याचे कारण कथानकातच दिलेले आहे. महायुद्धाच्या दिवशी लास व्हेगस परिसरावर ७७ अण्वस्त्रे डागली गेली. त्यांपैकी ५९ मिस्टर हाउसने संदेशाद्वारे निष्प्रभ केली व ९ लेसर तोफांनी पाडली. उरलेली शहराबाहेर पडली. त्यामुळे शहर, धरण आणि जलाशय ही तिन्ही बऱ्याच अंशी वाचली. उद्ध्वस्त जगात शुद्ध पाणी आणि चालू वीजनिर्मिती केंद्र एकाच जागी असल्यावर तेथे सैन्ये गोळा होणे अपरिहार्यच होते.

एन.सी.आर.ला वाढत्या लोकसंख्येसाठी वीज व पाणी हवे आहे. मिस्टर हाउसशी झालेल्या करारानुसार धरणाचा ताबा प्रजासत्ताकाकडे असून विजेचा केवळ पाच टक्के वाटा न्यू व्हेगसला मिळतो. लीजनचा हेतू वेगळा आहे. ८६ टोळ्या जिंकून एकत्र केलेल्या या सत्तेला यंत्रांचे फारसे आकर्षण नाही. तिला नदी ओलांडायची आहे. तिचा अधिपती कोलोरॅडोला आपली रुबिकॉन मानतो, म्हणजे इटलीतील ती छोटी नदी, जी ओलांडून ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४९ मध्ये रोमन यादवी युद्धास तोंड फोडले. लीजनचे लोक या अधिपतीच्या नावाचा उच्चार लॅटिन पद्धतीने 'कैसर' असा करतात. 'कैसर-इ-हिंद' ही पदवी ठाऊक असलेल्या मराठी वाचकास तो परका वाटू नये.

== उतार, नाके आणि रसद ==

नदी ही सीमा असली, तरी ती सर्वत्र सारखी अभेद्य नसते. खोल दरीतून वाहणाऱ्या कोलोरॅडोवर मोठे सैन्य पार नेता येईल अशी जागा म्हणजे धरणाचा माथा. लहान तुकड्यांना मात्र होड्या पुरतात. लीजनचा मुख्य तळ पूर्व तीरावरील फोर्टिफिकेशन हिल या टेकडीवर आहे. तेथून होडीने ये-जा करून त्याने पश्चिम तीरावरील कॉटनवुड कोव्ह हा धक्का बळकावला आणि पुढे नेल्सन ही वस्ती घेतली. सर्चलाइट येथील छावणीत त्याने किरणोत्सारी कचरा मोकळा सोडला व लढाईवाचून ती निकामी केली. धरणावर थेट हल्ला न करता दक्षिणेकडून एन.सी.आर.ची शक्ती विभागत नेणे हे या डावपेचांचे सूत्र दिसते.

एन.सी.आर.चे दुखणे रसदीचे आहे. त्याचा मूळ प्रदेश दूर पश्चिमेस, मधला रस्ता वाळवंटातला, आणि त्यात प्रिमजवळच्या तुरुंगातून पळालेल्या कैद्यांचा उपद्रव. रेंजर दलाचा ज्येष्ठ अधिकारी हॅनलन याला ही मोहीम प्रजासत्ताकाला पेलणार नाही असे वाटते. माघार घेतली जावी म्हणून तो गुप्तवार्तांचे अहवालच बनावट करू लागतो. आपल्याच सैनिकांना वाचवण्यासाठी त्यांनाच फसवणारा हा वृद्ध सेनानी संपूर्ण कथेतील सर्वांत लक्षात राहणारी व्यक्तिरेखा म्हणता येईल.

== धरणाच्या दोन लढाया ==

पहिली लढाई २२७७ साली झाली. लीजनचा सेनापती जोशुआ ग्रॅहम याने धरणावर जोराचा हल्ला चढवला. हॅनलनच्या योजनेनुसार रेंजर मागे हटत गेले व शत्रूला बोल्डर सिटीत ओढून नेल्यावर तेथे आधीच पेरलेले सुरुंग उडवण्यात आले. लीजनचा पराभव झाला. शिक्षा म्हणून ग्रॅहमला डांबर फासून पेटवण्यात आले व ग्रँड कॅन्यनमध्ये लोटून देण्यात आले. मात्र तो वाचला.

दुसऱ्या लढाईचा निकाल खेळाडूवर, म्हणजे 'कुरिअर' या पात्रावर, अवलंबून आहे. एन.सी.आर., लीजन, मिस्टर हाउस किंवा स्वतंत्र व्हेगस यांपैकी कोणाचाही विजय होऊ शकतो. मिस्टर हाउसचे यांत्रिक सैन्य लीजनच्याच तळाखालील भुयारात दडलेले आहे, ही यातील मोठी मेख आहे.

== वास्तवातील आधार ==

खेळातील बहुतेक स्थळे खरी आहेत. हूवर धरण १९३१ ते १९३६ या काळात नेव्हाडा व अ‍ॅरिझोना यांच्या सीमेवर बांधले गेले. त्याची उंची सुमारे २२१ मीटर आहे. बोल्डर सिटी हे गाव धरणाच्या कामगारांसाठीच वसवण्यात आले. धरणाच्या माथ्यावरून जाणारा महामार्ग वळवणारा नवा पूल २०१० च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हा खेळ आला त्याच महिन्यात, सुरू झाला. तोवर खरोखरच धरण हाच तेथील रस्ता होता.

पाण्यावरून सैन्य उभे राहणे हीदेखील निव्वळ कल्पना नाही. १९२२ च्या कोलोरॅडो नदी करारात खोऱ्याच्या वरच्या व खालच्या भागांना प्रत्येकी वार्षिक ७५ लाख एकर-फूट पाणी ठरले. अ‍ॅरिझोनाने १९४४ पर्यंत या कराराला मान्यता दिली नव्हती. १९३४ साली तर कॅलिफोर्नियाला पाणी नेणाऱ्या पार्कर धरणाचे काम रोखण्यासाठी त्या राज्याचे गव्हर्नर बेंजामिन मोर यांनी नॅशनल गार्डचे सैनिक नदीकाठी पाठवले होते. गोळीबार झाला नाही व पुढे धरण पूर्ण झाले. मीड सरोवराची पातळी २०२२ साली, ते प्रथम भरले गेले त्यानंतरच्या नीचांकावर पोहोचली, तेव्हा वाटपाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.