आठव्या वर्षी की बाराव्या?

वरचे दात पुढे आलेल्या मुलांवर सात-आठ वर्षांपासूनच उपचार केले तर जबडा नीट वाढतो, असे ऑर्थोडाँटिस्ट मंडळी ठामपणे सांगत. आधार काय, तर स्वतःचा अनुभव आणि निवडक यशस्वी रुग्णांचे फोटो. मग नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा आणि मँचेस्टरमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची गटवारी करून चाचण्या झाल्या. लवकर सुरुवात केलेल्यांनी आधी आघाडी घेतली खरी. किशोरवयात मात्र लवकर आणि उशिरा उपचार घेतलेले दोन्ही गट जवळपास सारखेच! सरासरीच्या आकड्यांत एकेकटा रुग्ण हरवतो, हा जुन्याजाणत्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण फोटोंपेक्षा चाचणीचा पुरावा केव्हाही वजनदार. अशा चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात लवकर उपचारांचा एकच फायदा टिकला: पडण्या-आपटण्यात पुढच्या दातांना इजा होण्याचे प्रमाण घटते.