शीतपेटीतला गॅस खरेच संपतो का? इंजिनावर चालणारी शीतयंत्रणा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कल्याण आणि उल्हासनगर या स्थानकांच्या मधल्या विठ्ठलवाडीतून दूध, मासळी, आइस्क्रीम आणि औषधे वाहणारे शीतपेटीचे टेम्पो ये-जा करतात आणि त्यांपैकी अनेकांमध्ये पेटी थंड ठेवणारा कॉम्प्रेसर पट्ट्याद्वारे गाडीच्या इंजिनावरच चालतो. लांबच्या सफरीवर निघणाऱ्या शिडाच्या नौकांतही पुष्कळदा हीच रचना आढळते. शिडावर चालणाऱ्या नौकेचे इंजिन दिवसातून जेमतेम एक-दोन तास सुरू राहते, एवढाच काय तो मोठा फरक. त्यामुळे या यंत्रणेविषयीचे समज आणि तिची दुखणी रस्त्यावर व समुद्रात बहुतांशी सारखीच आहेत.

सर्वांत रुळलेला समज असा की, पेटी नीट गार होत नसेल तर गॅस ‘संपला’ आहे आणि वर्षाकाठी तो भरून घेणे हा देखभालीचाच भाग आहे. बोलीभाषेत ज्याला गॅस म्हणतात ते शीतक, म्हणजे कमी तापमानाला उकळून भोवतालची उष्णता शोषणारे द्रव्य होय. आर-१३४ए हे प्रचलित शीतक वातावरणाच्या दाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसला उकळते. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होते आणि पेटीतल्या नळ्यांत हा द्रव पुन्हा उकळतो. या बंद फेऱ्यात शीतक डिझेलसारखे खर्च होत नाही, म्हणून ते कमी झाले असेल तर ते कुठून तरी बाहेर पडले आहे, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच डबाबंद कवचात असतात, तर इंजिनावरच्या कॉम्प्रेसरचा दांडा पट्ट्याने फिरवला जाण्यासाठी कवचाबाहेर यावाच लागतो आणि तिथे शाफ्ट सील, म्हणजे दांड्याभोवतीची गळतीरोधक कडी, बसवलेली असते. कॉम्प्रेसरचा दांडा पट्ट्याच्या चाकाशी जोडणाऱ्या क्लचच्या मागच्या बाजूला बोट फिरवल्यावर तेलकट काजळी लागली, तर संशयाची पहिली जागा तीच, कारण शीतकाबरोबर फिरणारे तेल गळतीच्या ठिकाणी मागे राहते आणि त्यावर धूळ बसते. इंजिनाच्या सततच्या थरथरीने सैल होणारे नळ्यांचे जोडही साबणाच्या फेसाने तपासता येतात.

यंत्र वापरले नाही तर ते टिकते, ही समजूत या सीलच्या बाबतीत पूर्णपणे उलटी ठरते, कारण कॉम्प्रेसर महिनोन्महिने बंद राहिला की सीलवरचा तेलाचा थर ओसरतो, ती कोरडी पडते आणि उभ्या वाहनातूनच शीतक निसटते. पावसाळ्यात नांगरून ठेवलेल्या नौकेची किंवा हंगाम संपल्यावर उभ्या केलेल्या टेम्पोची यंत्रणा आठवड्यातून दहा मिनिटे चालवणे, हा त्यावरचा अतिशय स्वस्त उपाय आहे.

जास्त गॅस भरला की गारवा वाढतो, हा समज तर थेट नुकसानकारक आहे. जादा द्रव कंडेन्सरमध्येच साचतो, उष्णता बाहेर टाकण्याची जागा घटते, दाब चढतो, गारवा उलट कमी होतो आणि द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचल्यास त्याच्या झडपा फुटू शकतात. त्याहून वाईट म्हणजे यंत्रणा उघडल्यावर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व दमटपणा न ओढताच गॅस भरणे. आत राहिलेले पाणी, द्रवाचा दाब उतरवणाऱ्या प्रसरण झडपेच्या बारीक छिद्रात गोठते, किंवा तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करते. गळती न शोधता पुन्हापुन्हा गॅस भरणे ही दुरुस्ती नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शिवाय गळालेले शीतक हवेतच मिसळते: आर-१३४एची तापमानवाढ घडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानली जाते आणि अशा शीतकांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवणाऱ्या, आंतरराष्ट्रीय करारातल्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

पेटीत ठेवलेला गरम माल वाटेत गार होईल, ही अपेक्षाही चुकीची आहे. वाहनाची शीतयंत्रणा आधीच थंड केलेला माल थंड राखण्यासाठी असते, आणि पत्री पुलाच्या किंवा कल्याण-शीळ रस्त्याच्या कोंडीत इंजिन मंद फिरत असताना कॉम्प्रेसरही मंदावत असल्याने तिची क्षमता आणखी घटते. नौकेवर इंजिन बंद असतानाची अशीच अडचण ठरावीक प्रमाणातल्या क्षारद्रावणाने भरलेल्या पट्ट्यांनी सोडवली जाते: २३ टक्के मिठाचे द्रावण उणे २१ अंशांच्या सुमारास गोठते आणि इंजिन चालू असताना गोठलेली पट्टी इंजिन बंद झाल्यावर वितळत-वितळत पेटीतली उष्णता तासन्तास शोषत राहते. आइस्क्रीमच्या अनेक टेम्पोंतही अशाच पट्ट्या असतात आणि त्या रात्री विजेवर गोठवून घेतल्या जातात. मात्र पेटीचे उष्णतारोधक अस्तर ओले झालेले किंवा दाराचे रबर चिरलेले असेल, तर पट्टीतला गारव्याचा साठा वेळेआधीच संपतो आणि दोष विनाकारण कॉम्प्रेसरला दिला जातो.

पेटीतल्या नळ्यांवर चढलेला बर्फाचा जाड थर म्हणजे उत्तम गारवा, असे मानणेही योग्य नव्हे, कारण बर्फ उष्णतेला अडवतो. थर अर्धा सेंटिमीटर झाला की तो वितळवावा आणि त्यासाठी टोकदार हत्यार वापरू नये, कारण नळीला पडलेले एक बारीक छिद्र सगळे शीतक घालवते.

कंडेन्सरकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. टेम्पोच्या कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांमध्ये पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ घट्ट बसते. ती साध्या पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे धुवावी, जोरदार फवाऱ्याने पत्रे वाकतात. नौकेचा कंडेन्सर समुद्राच्या पाण्याने थंड होत असल्यास त्यात गंज आपल्यावर घेणारा जस्ताचा तुकडा बसवलेला असतो आणि तो निम्मा झिजला की बदलावा लागतो, नाहीतर खारे पाणी थेट कंडेन्सरचाच धातू खाऊ लागते.