डोक्याचा मुका मार : दवाखान्यात आणि न्यायालयात

डोक्याला मार लागला पण रक्त आले नाही, असे कळले की घरच्या माणसांना धीर येतो. ‘मुका मार आहे, हळद लावा आणि निजू द्या,’ असे कोणी वडीलधारे सांगतात. हातापायाच्या मुक्या माराला हा उपचार चालून जातो. डोक्याला चालत नाही. मेंदू कवटीच्या बंद पेटीत असतो. आत रक्त साचले तर त्याला बाहेर पडावयास वाट नसते; ते मेंदूलाच दाबते. काही रुग्ण अपघातानंतर शुद्धीवर येतात, बोलतात, चहा घेतात आणि काही तासांतच पुन्हा बेशुद्ध होतात. मधला हा बरा दिसणारा काळच घात करतो. वृद्ध माणसांत तर रक्त कधीकधी इतके सावकाश साचते की, पडल्यानंतर काही आठवड्यांनी चाल बदलते, बोलणे अडखळते, आणि आपण ते म्हातारपणावर घालतो.

तेव्हा वारंवार उलटी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, हाक मारूनही नीट जाग न येणे, झटके येणे, एका बाजूचा हातपाय दुबळा होणे, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी एकही खूण दिसली तरी उजाडण्याची वाट पाहू नये. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, आणि त्याची मान सांभाळूनच त्याला हलवावे.

आपल्या जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग ४४ वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जातो. तेथे अपघात झाला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पहिला प्रश्न हा विचारावा की, डोक्याचा सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया या क्षणी कोठे होऊ शकेल? यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम व सावंगी येथील रुग्णालये आणि नागपूर यांपैकी कोठे न्यावयाचे, हे या उत्तरावर ठरावे. यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. चुकीच्या दारी गेलेला तास परत मिळत नाही.

पोलिसांचे लचांड मागे लागेल, या भीतीने पुष्कळ लोक जखमीला हात लावीत नाहीत. ही भीती आता सोडावयास हवी. आधी उपचार, मग पोलिसांचे सोपस्कार, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातील जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात हे आपणच विचारून घ्यावे.

येथवरचे सारे प्राण वाचविण्याचे झाले. पण मुका मार प्राण वाचल्यावरही मुकाच राहतो. माणूस घरी येतो, जेवतो, हिंडतो. शेजारी म्हणतात, बरा झाला. घरच्यांना मात्र दिसते की, तो क्षुल्लक गोष्टीवर भडकतो, तेच तेच विचारतो, दुकानाचा हिशेब चुकतो, पेरणीची कामे सुचत नाहीत. हा आळस नव्हे आणि ढोंगही नव्हे. ही जखमच होय. ती वैद्याला आणि न्यायाधीशाला दिसावी कशी? आमचे सांगणे एवढेच की, ती लिहून ठेवावी. वहीत तारीख घालून रोज दोन ओळी लिहाव्यात : आज काय विसरला, कोणते काम जमले नाही, रात्री झोप लागली की नाही. हीच वही डॉक्टरला उपचारासाठी उपयोगी पडते आणि पुढे वकिलाला पुराव्यासाठी.

कायदा या नोंदीवर किती अवलंबून आहे, ते पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. दात मोडला तर तो त्यात थेट बसतो. कवटी न फुटता मेंदू दुखावला, तर मात्र जिवाला धोका होता, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होत्या अथवा नित्याची कामे करता आली नाहीत, असे काही दाखवावे लागते. म्हणून डॉक्टरच्या कागदावर शुद्धीचा गुणांक येऊ द्यावा. १९७४ साली ग्लासगो येथे तयार झालेल्या मापाने तो ३ ते १५ असा मोजतात. विश्रांतीचे दिवसही लिहून घ्यावेत.

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे कलम १६६ खाली होतो. तो अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. आपण राहतो त्या भागातही करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यास सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आहे. तेव्हा पूर्ण बरे होण्याची वाट पाहत बसू नये. चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मिळू शकतात. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर ५०,००० रुपयांची तरतूद आहे. विमा कंपनीने देऊ केलेली तडजोड मात्र घाईने मान्य करू नये. ती मान्य केली की प्रकरण मिटते, आणि मेंदूच्या दुखापतीची खरी खोली पहिल्या महिन्यात क्वचितच कळते.

हरियाणातील एक बारा वर्षांची मुलगी २००७ साली ट्रॅक्टरच्या अपघातात सापडली. मेंदूच्या इजेमुळे तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख रुपये दिले; सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ती रक्कम ६२ लाखांवर नेली. त्यात तिची जन्मभर सेवा करणाऱ्या माणसांचा खर्चही धरला. अपंगत्वाचा टक्का आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले होते. मजूर असो की मुनीम, त्याचे नेमके कोणते काम बंद पडले, हे पाहिले जाते. आणि ते सांगणारे घरचेच असतात.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. स्त्रिया, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्याने तेथे मोफत वकील मिळतो. जाताना दवाखान्याचे सर्व कागद, औषधांच्या पावत्या, पोलिसांच्या अहवालाची प्रत आणि ती वही एका पिशवीत घालून न्यावी. रुग्णाला आपले दुःख धड सांगता येत नाही, हाच या आजाराचा स्वभाव आहे. त्याच्या वतीने बोलण्याचे काम घराने पहिल्या दिवसापासून अंगावर घ्यावे.