खीळ काढली का?

गावी निघताना दाराला लावलेले कुलूप दोनदा ओढून पाहणारे एखादे आजोबा प्रत्येक घरात असतात. पोरेसोरे त्यांना हसतात. पण वाचकहो, विमान उडण्यापूर्वी बंद दाराआड दोन वैमानिक नेमके हेच करीत असतात! एकजण यादीतले कलम मोठ्याने वाचतो, दुसरा नजरेने खात्री करून उत्तर देतो. वीस वर्षे विमान चालविलेला माणूसही यातून सुटत नाही.

या रिवाजामागे एक जळालेले विमान आहे.

३० ऑक्टोबर १९३५ चा दिवस. अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटनजवळच्या राइट फील्ड या लष्करी विमानतळावर बोइंगच्या 'मॉडेल २९९' या चार इंजिनांच्या नव्या बॉम्बफेकी विमानाची परीक्षा चालली होती. चालक होते मेजर प्लॉयर हिल, लष्कराचे कसलेले परीक्षक वैमानिक. त्या विमानाचे पहिलेवहिले उड्डाण करणारे बोइंगचे लेस्ली टॉवरही आत होते. विमान उडाले, नाक वर करून चढले, चढतच गेले. वेग सरला आणि ते जमिनीवर कोसळून पेटले. आतल्या पाचजणांपैकी हिल त्याच दिवशी गेले. टॉवर काही दिवसांनी.

चौकशीत इंजिने निर्दोष ठरली. विमान उभे असताना शेपटाकडच्या हलत्या फळ्या वाऱ्याने आपटून मोडू नयेत, म्हणून त्या खिळीने जखडून ठेवतात. ती खीळ काढायचीच राहिली होती! नाक खाली आणणार कसे?

आता उपाय काय? वैमानिकांना आणखी शिकवायचे? हिल यांच्याहून जास्त शिकलेला आणायचा कुठून? उणीव कौशल्याची नव्हती. नव्या यंत्रात ध्यानी ठेवायच्या गोष्टीच एका डोक्यात मावेनाशा झाल्या होत्या. तेव्हा वैमानिकांनी त्या कागदावर उतरविल्या: उड्डाणापूर्वी काय पाहायचे, उतरण्यापूर्वी काय पाहायचे. साधा कागद, पण त्याच्या आधाराने तेच विमान पुढे 'बी-१७' या नावाने बारा हजारांहून अधिक संख्येने तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धात लढले. आज जगभरच्या प्रवासी विमानांत अशी यादी असतेच.

वैमानिक म्हणजे बेडर गडी, असे आपण समजतो. खरा वैमानिक स्वतःच्या आठवणीला भितो. हजार वेळा खीळ काढणारा हात एक हजार एकाव्या वेळी विसरू शकतो, हे तो जाणतो आणि कागद वाचण्यात कमीपणा मानीत नाही.

तेव्हा या दिवाळीत गावी निघताना आजोबा पुन्हा जिना चढू लागले, तर हसू नका. थोडे थांबा.