कितवा महिना?

आज नऊ तारीख. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून दर महिन्याचा हा दिवस सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांचा. साताऱ्याकडच्या या उपजिल्हा रुग्णालयात साडेनऊलाच बाकं भरली आहेत. भिंतीशी बसलेल्या बायका नाक दाबून ग्लुकोजचं पाणी पितायत. ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त, आणि आकडा १४० किंवा त्याच्या वर गेला की गरोदरपणातली शुगर. एकीनं उलटी होऊ नये म्हणून मुठीत लिंबू धरलंय.

हिरव्या पंजाबी ड्रेसवालीला मात्र पेला दिलेला नाही. तिची शुगर लग्नानंतर वर्षभरातच निघाली होती, आणि आता अकरावा आठवडा चालू आहे. सोबत सासू आणि पिशवी सांभाळणारी धाकटी नणंद.

आत डॉक्टर मॅडम म्हणतात, "काय काय गोळ्या घेतेस, सगळ्या दाखव." पिशवी टेबलावर पालथी होते. मॅडम पाकिटं एकेक उचलून वाचतात. मेटफॉर्मिन डावीकडे ठेवतात. "ही राहू दे, पण हिच्या एकटीच्या भरवशावर आता भागायचं नाही." मग बीपीची रॅमिप्रिल आणि कोलेस्टेरॉलची गोळी उजवीकडे सरकवतात. "या दोन आजपासून बंद. बीपीची दुसरी लिहून देते. ही बाळाच्या किडनीला चालत नाही."

"मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणते. तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट मॅडमच्या हातात आहे : ९.२.

"हा साडेसहाच्या खाली आणून मग दिवस राहू द्यायचे असतात. आधी यायचं ना गं."

"आधी म्हणजे कधी? दिवस गेल्यावरच येतात ना इथं."

मॅडम क्षणभर पेन थांबवतात. उत्तर त्यांच्याकडेही नाही, कारण दवाखान्याची व्यवस्थाच तशी आहे. नोंद होते ती पाळी चुकल्यावर. पण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस होतात न होतात तोवर. हृदयाचे कप्पेही पुढच्या काही आठवड्यांतच पडतात. बाहेरच्या पेल्यातून सापडणारी शुगर बहुतेक वेळा उत्तरार्धात चढते. तोवर अवयव घडून गेलेले असतात. हिची साखर पहिल्या दिवसापासून रक्तात आहे. गर्भपात, हृदयातले किंवा मणक्यातले दोष, पोटातच बाळ दगावणं, या सगळ्याची शक्यता त्यामुळे वाढते. वाढते म्हणजे होतंच असं नाही, हेही मॅडम दोनदा सांगतात. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी, बाळाच्या हृदयाची इको, आणि त्याआधी याच आठवड्यात हिच्या डोळ्यांचा पडदा तपासायचा, कारण गरोदरपणात तोही बिघडू शकतो. फोलिक ॲसिडची पाच मिलिग्रॅमची गोळी लिहितात. बारा आठवडे झाले की ॲस्पिरिनची छोटी गोळी; बीपी चढून झटके येण्याचा धोका हिला जास्त.

सासूला हे पटत नाहीये. "एवढीशी काडी आहे ती. हिला कसली आलीय शुगर?"

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हेच तर वर्षानुवर्षं सांगत आलेत : आपली बाळं जन्मतः वजनाला हलकी, पण चरबी त्या मानानं जास्त. अंगकाठीवरून शुगर ओळखायची आपली सवय काही जात नाही.

"साखर वारेतून बाळाकडे जाते, आजी. हिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचंच भरमसाट इन्सुलिन काढतं आणि वाढत सुटतं."

"गुटगुटीत होईल की मग!"

"चार किलोचं बाळ खांद्याशी अडकतं. आणि नाळ कापली की आईकडची साखर बंद, याचं इन्सुलिन मात्र चालूच. जन्मल्या जन्मल्या त्याची साखर उतरते."

आजी गप्प.

पडद्याआड सिस्टर इन्सुलिन शिकवतायत. गढूळ औषधाची बाटली तळव्यांमध्ये हलकेच घोळवायची, खळाखळा हलवायची नाही. लाल टोपणाची सिरिंज. आधी तेवढीच हवा बाटलीत, मग बाटली उलटी, मग दट्ट्या हळूहळू खाली. एक बुडबुडा अडतो. सिस्टर सिरिंजला टिचकी मारतात, तो वर सरकतो. "पोटाची चिमूट धर."

"पोटात सुई?" पडद्याबाहेरून आजी. "बाळाला लागली म्हणजे?"

"कातडीखालच्या चरबीत जाते हो. बाळ कुठल्या कुठं आत आहे."

सुई जाते. हिरव्या ड्रेसवाली डोळे मिटते, मग एक उघडून बघते. "झालं?"

"झालं. आता दहापर्यंत मोज, मग काढ."

घरी फ्रीज नाही. मग ओल्या माठात बाटली, पिशवीत घट्ट बांधून. उपाशीपोटी ९५च्या आत, जेवल्यावर दोन तासांनी १२०च्या आत. घाम फुटला, हातपाय थरथरले की लगेच साखर तोंडात टाकायची. सोमवार-चतुर्थी बंद. यावर आजी काही बोलणार, तेवढ्यात सिस्टरच म्हणतात, "तिच्या वाटचे तुम्ही धरा."

इतका वेळ दाराशी उभी असलेली नणंद पुढे होते. "मॅडम, मला सातवीपासून इन्सुलिन आहे. मे महिन्यात लग्न आहे."

"अगं, अजून अक्षता पडल्या नाहीत," आजी तिचा दंड धरतात.

"त्यांना माहितीये, आई. सांगूनच ठरवलंय."

मॅडम कागद ओढतात. तीन महिन्यांची शुगर, डोळे, लघवीतलं प्रथिन. फोलिक ॲसिड कधी सुरू करायचं, आणि रिपोर्ट बरा येईपर्यंत काय वापरायचं, हे तिला जवळ बोलावून हळू आवाजात सांगतात. "जा, केसपेपर काढून आण."

खिडकीवर नऊ तारखेचं रजिस्टर उघडं आहे. कारकून मान वर न करता विचारतो, "कितवा महिना?"

"महिना नाही. लग्न व्हायचंय अजून."

पेन थांबतं. कारकून चष्म्यावरून तिच्याकडे बघतो, मग रांगेकडे. रांगेत खसखस पिकते. आतून सिस्टरांचा आवाज येतो, "अहो भाऊ, रकाना मोकळा सोडा आणि पेपर द्या तिला!"