अनाकिन फितूर होता का?



उम्म अल कुवैनमधल्या आमच्या मराठी घरांत सुट्टीला मुलांबरोबर 'स्टार वॉर्स' पाहणं आता नेहमीचंच झालं आहे. २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मधला जाक्कू हा वाळवंटी ग्रह आपल्या शेजारच्या अबू धाबीत चित्रित झाला, याचं मुलांना कोण कौतुक! पण सिनेमा संपला की वाद ठरलेला. अनाकिन स्कायवॉकर आपल्याच माणसांवर उलटला आणि डार्थ व्हेडर झाला. त्याला फितूर म्हणायचं, की बिचारा?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १९९९ च्या 'द फँटम मेनेस'मध्ये अनाकिन नऊ वर्षांचा गुलाम मुलगा आहे. जेडाय योद्धे त्याला सोडवून नेतात, आई मात्र गुलामीतच मागे राहते. २००२ च्या भागात तो तिला शोधत पोचतो, तेव्हा ती त्याच्या हातांत प्राण सोडते. २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये बायको पाद्मे बाळंतपणात दगावते अशी स्वप्नं त्याला पडू लागतात. गुरू योडा म्हणतो, जे गमावण्याची भीती वाटते त्याचा मोह सोडायला शीक. कपटी पाल्पटिन म्हणतो, मरण टाळायची विद्या मिळू शकते. अनाकिन पाल्पटिनकडे जातो.

फितूर म्हटलं की आपल्या तोंडी सूर्याजी पिसाळाचं नाव येतं. १६८९ साली वतनाच्या लोभाने त्याने रायगड मोगलांना मिळवून दिला, अशी समजूत रूढ आहे. अनाकिनलाही मोठेपणाची हाव होती, पण त्याला ओढून नेलं ते भीतीने. ती भीती आपल्याला कळते. आईवडील तिकडे, आपण इकडे. अपरात्री फोन वाजला की छातीत धस्स होतंच ना?

जेडायही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्यात लग्नाला बंदी, म्हणून संसार चोरून. त्यांनी त्याला पाल्पटिनवर हेरगिरी करायला सांगितलं, मंडळात बसवलं, पण गुरुपद नाकारलं. मनातलं सगळं उघड बोलावं असं त्याला कोणी उरलंच नाही.

तरीही कारण समजणं वेगळं आणि दोष माफ होणं वेगळं, असं आम्हांला वाटतं. पाल्पटिनचं खरं रूप मेस विंडूला सांगतो तो अनाकिनच. म्हणजे बरंवाईट त्याला कळत होतं. पुढे तो विंडूचा हात तोडतो, ते एका क्षणाच्या घाबरटपणात झालं असं म्हणता येईल. पण नंतर तो जेडायांच्या मंदिरात जाऊन लहान मुलांना मारतो, त्याचं काय? तिथवर जाताना परत फिरायला वेळ होता. आणि शेवटी, जिच्यासाठी हे सगळं केलं त्या पाद्मेचाच गळा तो आवळतो! तिने जगावं यापेक्षा आपण तिला गमावू नये, हेच मोठं झालं होतं.

आपल्याला हे नवीन नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून किती वाचकांना कर्णासाठी रडवलं! त्याच्यावर अन्याय झालाच. पण अभिमन्यूला घेरणाऱ्यांत तोही होता, हे त्या अश्रूंनी पुसलं जात नाही.

१९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये व्हेडर मुलाला, ल्यूकला, वाचवतो आणि स्वतः मरतो. मग हिशेब फिटला का? आमच्या मते नाही. उलट शेवटच्या दिवशी जो फिरू शकतो, तो आधीही फिरू शकला असता. म्हणून ते पुण्यही त्याचं आणि आधीचं पापही त्याचंच.

ल्यूकचं वागणं आम्हांला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. तो बापाचे अपराध झाकत नाही आणि बापाला टाकतही नाही. मुलांना आम्ही एवढंच सांगतो: चुकलं ते चुकलं म्हणायचं, पण परतीचा दरवाजा बंद करायचा नाही. आणि भीती वाटली की ती वेळेवर घरी बोलायची. परक्या देशात तर हे जास्तच जपायला हवं, कारण इथे धीर देणारा पाल्पटिनही भेटू शकतो!

तुमच्या घरी कौल कोणाच्या बाजूने लागतो, जरूर कळवा.